डोंगर पेटू नये म्हणून गवत कोण कापणार? (कोकणातले वणवे आणि वाड्यांच्या जमिनी)

उतारावरचा

फेब्रुवारी लागला की आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रकारचे फोटो येतात. आंब्याच्या मोहोराचे आणि पेटलेल्या डोंगराचे. मोहोराखाली अंगठे पडतात, डोंगराखाली शिव्या. शिव्याही ठरलेल्या: ‘कातकऱ्यांनीच लावला असणार.’ मग कोणीतरी ‘झाडे लावा’ टाकतं, पावसाळ्यात रोपं लावायचा कार्यक्रम होतो, आमदारांसोबत फोटो होतो. पुढच्या फेब्रुवारीत ती रोपंही जळतात.

मी रोहा-मुरूड पट्ट्यातल्या काही कातकरी आणि ठाकूर वाड्यांच्या सामूहिक वनहक्क दाव्यांचं कागदकाम करतो. त्यामुळे डोंगर पायाखालचा आहे. दिसतं ते मांडतो, बाकीच्यांनी भर घालावी.

आपल्याकडे पाऊस उदंड, त्यामुळे दसऱ्यापर्यंत उतारावरचं गवत कमरेला लागतं. दिवाळीनंतर ते पिवळं पडायला लागतं आणि जानेवारीअखेर हात लावला तरी मोडतं. पूर्वी त्यातलं बरंचसं उभं राहतच नसे. घरटी चार-सहा जनावरं असायची, वरकस (उतारावरच्या हलक्या) जमिनीवर नाचणी-वरी असायची, उरलेल्या उतारावरचं गवत कापून उडव्या रचल्या जायच्या. आता नांगराच्या जागी पॉवर टिलर, दुधाला पिशवी आणि वरकस ओसाड. गवत कमी झालं नाही, उलट नाचणीची जागाही त्यानेच घेतली. काडी कोणी टाकली यावर आपण महिनाभर भांडतो. ती पडली तेव्हा डोंगरावर किती जळण उभं होतं, हे कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. डोंगराची खडान्‌खडा माहिती असलेली माणसं म्हणजे वाडीवरची. ती भात कापून झालं की वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. म्हणजे वणव्याचा अख्खा हंगाम वाडी निम्मी रिकामी. म्हातारी माणसं आणि काही पोरं मागे असतात. त्यांनी आग विझवावी अशी अपेक्षा, आणि लागली तर आळही त्यांच्यावरच.

आता झाडांचं. लोकांना वाटतं जळलेला डोंगर उघडा-बोडका झाला, तिथे खड्डे काढून रोपं लावली पाहिजेत. एखाद्या जळक्या उतारावर बसून नीट बघा. ऐनाचं जुनं खोडवं (तोडलेल्या झाडाचा बुंधा) असतं, परळाएवढं रुंद, वरून काळं पडलेलं. त्याच्या कडेने अंगठ्याएवढे पाच-सात फुटवे. खालची साल करपलेली, शेंडा वाळलेला, पण नखाने खरवडलं तर आत हिरवं. शेजारी किंजळीचं तसंच, कुंभ्याचं तसंच. गेल्या वर्षीचा मेलेला फुटवा आणि त्याच्याआधीच्या वर्षीचाही तिथेच वाळून उभा असतो. जंगल दरवर्षी उगवतंय आणि दरवर्षी गुडघ्याएवढं असतानाच जळतंय. त्याला चार-पाच वर्षं ओळीने मिळाली तर शेंडा गवताच्या ज्वाळेच्या वर जातो, साल जाड होते, आणि मग एखादी आग तो सोसतो. सावली पडली की खालचं गवतही आपोआप विरळ होतं.

म्हणून माझं म्हणणं असं: रोपवाटिकेवरचा खर्च थोडा कमी करा आणि तो गवत कापण्यावर घाला. सगळा डोंगर कापायचा नाही. वाटेच्या दोन्ही अंगांनी, बागांच्या वरच्या बाजूने, दळीच्या (डोंगरातल्या नाचणी-वरीच्या तुकड्याच्या) कडेने आणि जिथे फुटवे दाट आहेत तिथे पट्टे काढायचे. एका खोडव्यावर दोन सरळ फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटून सरपणाला. हे काम वाडीने करावं, आणि डोंगरावर वाडीचा हक्क कागदावर असावा. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क म्हणून लिहिलेलाच आहे.

बोला.

काजूवाला_बापू

बोलतो. माझी बाग डोंगराच्या पायथ्याला. वेंगुर्ला-४ ची कलमं, आठ वर्षांची, फळं धरायला लागलेली. एका दुपारी गेली. काजूचा पालापाचोळा कसा जळतो हे ज्याने पाहिलं त्यालाच कळेल, तेल ओतल्यासारखा. पंचनामा झाला, कागद झाले, हातात काय पडलं ते विचारू नका. फळपीक विमा पाऊस-तापमानाच्या आकड्यांवर चालतो, आगीचं तिथे काही विचारायचं नाही.

तुम्ही वाड्यांची बाजू घेताय, घ्या. पण ससा उठवायला गवत पेटवतात की नाही? करवंदीच्या जाळीत शिरायला वाट हवी म्हणून लावतात की नाही? ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ म्हणून आमचेच गाववाले लावतात की नाही? हेही लिहा ना.

उतारावरचा

बापू, लावतात. गाववाले, शिकारी, राब (भाताच्या रोपासाठी जमिनीवर पाला-फांद्या) भाजताना बेसावध राहिलेले, रस्त्याने जाताना विडी फेकणारे, चुली मांडून बसणारे पर्यटक, सगळे. विजेच्या तारा घासूनही लागते. यादी लांब आहे म्हणूनच म्हणतोय, काडी टाकणाऱ्या प्रत्येक हाताला आपण धरू शकत नाही. गवत मात्र धरता येतं.

सड्यावरची

धाग्याशी सहमत, पण एक गोष्ट ठासून सांगायची आहे. मी वनस्पतीशास्त्र शिकवते, रत्नागिरीकडे.

‘ओसाड’ दिसणारी प्रत्येक जागा ही जंगल जाऊन झालेली नसते. जांभ्याचे सडे (कातळाची सपाट पठारं) हे मुळातच उघडे. माती बोटभर, पावसात पाणी साचतं, हिवाळ्यात कोरडं ठणठणीत. तिथे श्रावण-भाद्रपदात जे उगवतं, सीतेची आसवं, गेंद, दिपकाडी, ते सावलीत जगणारं नाही. दिपकाडी तर कोकणातल्या कातळांसारख्या मोजक्या जागांपुरतीच. अशा ठिकाणी पहारीने कातळ फोडून गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणं म्हणजे हिरवळीच्या नावाने नासाडी. वर कातळशिल्पं असली तर विचारूच नका.

त्यामुळे आधी डोंगराची वाटणी करा. सडा गवताचाच राहू द्या. ओहोळाच्या कडा आणि खोल मातीचे उतार, जिथे खोडवी जिवंत आहेत, तिथे झाडी येऊ द्या. मधला भाग गवत आणि विरळ झाडं असा मिश्र. आग अशा तुकड्या-तुकड्यांच्या डोंगरावर धावत नाही, अडखळते. ओहोळाची हिरवी झाडी हीच चांगली जाळरेषा (आग अडवणारा पट्टा).

आणखी एक. दरवर्षी जळालेल्या जागेवर पहिलं कोण येतं? रानमोडी आणि घाणेरी. दोन्ही बाहेरून आलेल्या. रानमोडी उन्हाळ्यात वाळून उभी राहते आणि गवतापेक्षा उंच जाळ धरते. झाडीच्या शेंड्यापर्यंत आग पोचवणारी शिडी तीच. पट्टे काढताना ती फुलायच्या आधी मुळासकट उपटावी. पाऊस संपतासंपता जमीन ओली असते तेव्हा सहज निघते.

मालवणी_खाजा

आमच्याकडे सड्यार आग लागली की पयलो धावता तो गुराखी. आनि नाव पन तेचाच घेतत. बाकीचे येतत मोबाईल घेवन.

बाकी सड्यावरची ताईंका शंभर मार्क. आमच्या वाडीच्या सड्यार बाभळी लावल्यानी, आता गुरांका चारो नाय आनि बाभळीखाली काय्येक उगवना नाय.

क्लॅमथकाठचा_कोकणी

मूळचा गुहागरचा, सध्या उत्तर कॅलिफोर्नियात. इथली गोष्ट सांगतो, तुम्हाला उलटी वाटेल.

क्लॅमथ नदीच्या खोऱ्यात करुक आणि युरोक या आदिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम, हलकी आग लावत आल्या. ओकची झाडी मोकळी राहावी, एकोर्न गोळा करता यावेत, हेझेलला टोपल्या विणण्यासारखे सरळ फुटवे यावेत म्हणून. सरकारने शंभरेक वर्षं त्यावर बंदी घातली आणि दिसेल ती आग विझवली. परिणाम: गवताळ जागा आणि ओकवनं डग्लस फरने गिळली, जळण साठत गेलं, आणि आता आग लागते ती आटोक्यातच येत नाही. सध्या या जमाती पुन्हा फर तोडून, मग पाळीने आग लावून ती कुरणं आणि ओकवनं परत आणतायत. २०२१ मध्ये राज्याने कायदा करून अशा आगींची कायदेशीर जोखीम कमी केली, २०२४ च्या कायद्याने जमातींना राज्याशी थेट करार करायची वाट दिली.

तर प्रश्न असा: आपल्याकडेही कापण्याऐवजी डिसेंबरात हलकी आग लावून मोकळं का होऊ नये? स्वस्त पडेल.

सड्यावरची

प्रश्न चांगला आहे, पण तिथलं गणित इथे बसत नाही. तुमच्याकडे जळण वर्षानुवर्षं साठतं. ओंडके, काटक्या, पानगळ, थरावर थर. एकदा हलकी आग फिरवली की बरीच वर्षं निश्चिंती. आपल्याकडे पानगळ पावसात कुजून जाते आणि गवत एका पावसात पुन्हा कमरेला. म्हणजे यंदा जाळलं म्हणून पुढच्या वर्षीचं जळण तसूभर कमी होत नाही. शिवाय आपला डोंगर आगीवाचून राहिलेला नाही, तो आधीच दरवर्षी जळतोय.

भारतातलं तुमच्या उदाहरणाशी जुळणारं म्हणजे कर्नाटकातले बिळिगिरी रंगन डोंगर. तिथले सोलिगा लोक वर्षाच्या सुरुवातीला पालापाचोळ्याला हलकी आग लावत. १९७४ मध्ये अभयारण्य झालं, आगी बंद झाल्या. पुढे घाणेरी माजली, आणि सोलिगांचं म्हणणं की ती आगी बंद झाल्यामुळेच. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे असं मला वाटतं. पण ते पानझडी रान, वेगळी माती, वेगळा पाऊस. तिथली रीत इथे उचलून आणू नये. दोन्हीकडे सारखं असेल तर एवढंच की आग कधी, कुठे आणि किती हे ठरवणारी माणसं तिथेच राहणारी होती.

वाडीतला_मी

हा धागा माझ्या मित्राने पाठवला. मी कातकरीवाडीतलाच. बारावीपर्यंत शिकलोय, आता वनहक्क समितीत आहे.

बापूकाका म्हणाले ते खोटं नाही. घुशीच्या बिळाला धूर देतात, सशाला उठवतात, त्यातून पसरते कधी. मोठी माणसं ओरडतात, पोरं ऐकत नाहीत. पण आमचीच माणसं आग हाताळायलाही जाणतात. आमच्या दळीवर नाचणी-वरीसाठी आजोबा कवळ (तोडलेल्या पाल्याच्या फांद्या) अंथरून भाजायचे. आधी सगळ्या कडेने हात-दोन हात झाडून जमीन उघडी करायची. दुपारी कधी नाही. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, आग चढणीला लागली की मग माणूस तिच्यापुढे पळू शकत नाही. ऊन कलल्यावर, वारा पडला की वरच्या कडेला पेटवायचं. म्हणजे आग उताराला, हळू हळू उतरते, मुंगीच्या पावलाने. खाली दोन माणसं ओल्या फांद्या घेऊन उभी. विझवायला गेलो तरी आम्ही तेच करतो. भर दुपारी समोर जाऊन कोणी हिरो व्हायचं नाही. रात्री, पहाटे आग बसते, तेव्हा झोडपायची.

आता खरी अडचण. जाळरेषेचं काम निघतं, नाही असं नाही. पण ते निघतं कधी? फेब्रुवारीत, अर्धा डोंगर काळा झाल्यावर. आणि पैसे कधी? त्यानंतर कधीतरी. तोवर आम्ही भट्टीवर गेलेलो. भट्टीवाला गणपतीतच उचल देऊन जातो. घरात सण, दुकानाची उधारी, पोरांची आजारपणं, ती उचल घेतल्याशिवाय भागत नाही. एकदा घेतली की जावंच लागतं, नवरा-बायको दोघांनी. पोरांची शाळाही त्यातच जाते.

मोहीम, शिबिर, जनजागृती, सगळं झालं आमच्याकडे. टोप्या पण वाटल्या.

वाखारवाला

मी वाडा तालुक्यातला, पालघर जिल्हा. गवत हा आमच्याकडे धंदा होता हे कोकणातली नवी पिढी विसरली. मुंबईच्या तबेल्यांना ठाणे जिल्ह्यातून गवत जायचं, वखारीत दाबून गासड्या बांधल्या जायच्या. आणि ते कापणारे वारली होते. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये वारल्यांचा जो लढा झाला, त्यातली एक मुख्य मागणी गवतकापणीच्या मजुरीची होती: पाचशे पौंडांना अडीच रुपये. ऑक्टोबरात, ऐन कापणीच्या हंगामात, तलवाड्याला पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली. गवत कापणं हे हलकं काम नाही आणि फुकटचंही नाही, हे त्या माणसांनी जीव देऊन सांगितलेलं आहे.

धंद्याचं म्हणाल तर उतारावरच्यांच्या योजनेत एक अडचण आहे. कुसळ धरायच्या आत कापलं तरच जनावर गवत आवडीने खातं. म्हणजे ऑक्टोबर. आणि ऑक्टोबरात भातकापणी, शिवाय परतीचा पाऊस. कापलेलं गवत दोनदा भिजलं की काळं पडतं, तबेलावाला हात लावत नाही. भात उरकून नोव्हेंबरात डोंगरावर गेलात तर गवताची काडी झालेली. आगीच्या दृष्टीने तेव्हा कापलं तरी चालेल, पण चारा म्हणून भाव नाही. मग पैसे कोण देणार? सरकारी पैसा कधी येतो ते वाडीतल्या दादांनी सांगितलंच.

पेणची_पोर

राबाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. आमच्याकडे अजूनही बऱ्याच ठिकाणी भाजावळ होते. ऐनाच्या फांद्या दरवर्षी कवळासाठी ओरबाडतात, झाड वाढायचं कसं? आणि मार्च-एप्रिलात राब भाजतानाच बऱ्याच आगी निसटतात. गादीवाफ्यावर रोप केलं तर राब लागत नाही, दापोलीचं कृषी विद्यापीठ कधीपासून सांगतंय. नेरळच्या सगुणा बागेतून आलेलं एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) तंत्र त्याच्याही पुढचं: कायमचे गादीवाफे, बी थेट टोकायचं, ना नांगरणी ना चिखलणी ना लावणी. माझ्या मामाने केलंय. पहिल्या वर्षी तणाने रडवलं, पण राब मात्र बंद झाला तो झालाच.

नकाशेवाला

सॅटेलाइटच्या सूचनांवर विसंबणाऱ्यांसाठी: भारतीय वन सर्वेक्षण मोबाईलवर आगीचे इशारे पाठवतं, नोंदणी कोणालाही करता येते. पण त्यातला व्हीआयआयआरएस हा उपग्रहावरचा सेन्सर ३७५ मीटरचा एक ठिपका पाहतो, आणि उपग्रह डोक्यावरून दिवसात मोजक्याच वेळा जातो. गवताची आग दोन-तीन तासांत डोंगर संपवते. उपग्रह येऊन जाईस्तोवर तिथे फक्त राख. ‘अमुक तालुक्यात आगी कमी झाल्या’ असे आकडे बघताना हे लक्षात ठेवा.

कायदेपंडित_नाही

एक शंका. वनजमिनीवरचं गवत कापून विकलं तर वनखातं पकडणार नाही का? रायगड पेसामध्ये (आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभांच्या कायद्यात) आहे ना?

उतारावरचा

रायगड पेसामध्ये नाही. पेसा ज्याला लागू होतो ते पाचव्या अनुसूचीचं क्षेत्र कोकणात पालघर आणि ठाण्याच्या काही तालुक्यांत आहे, रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गात नाही. वनहक्क कायदा मात्र सगळीकडे लागू आहे, आणि कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. सामूहिक हक्क मंजूर झाला की गौण वनोपज गोळा करणं, वापरणं, विकणं हा हक्क येतो. मंजूर होईस्तोवर मात्र कोयता घेऊन गेलात तर कोणत्या साहेबाचा मूड कसा असेल सांगता येत नाही. दळीचे प्लॉट तर आणखी गुंतागुंतीचे. इंग्रजांच्या काळात नाचणी-वरीसाठी दिलेले, कसणारे तेच, पण कागदावर जागा वनखात्याची. आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात प्रश्न निराळाच, तिथे बहुतेक रान खासगी मालकीचं, मालक मुंबईला.

वाखारवाले, तुमचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे. नोव्हेंबरातल्या काडीला गिऱ्हाईक कोण?

काजूवाला_बापू

मी आहे.

म्हणजे असं. काजू गेले तरी हापूसची कलमं आहेत. मार्चपासून आढी लावायला (आंबे पिकायला थरांत रचायला) आणि पेट्या भरायला मी दरवर्षी पेंढा विकत घेतो, कारण आता हार्वेस्टरने भात कापतात, पेंढ्याचा भुगा होतो आणि धड पेंढा मिळत नाही. आढीला गवताचा चारा होण्याची गरज नाही. सुकं, स्वच्छ आणि न भिजलेलं पाहिजे. कुसळ असलं तर हाताला टोचतं, फळालाही खरचटतं, त्यामुळे तुऱ्याचा भाग छाटून द्यावा लागेल. माझ्यासारखे आजूबाजूला दहा-बारा बागायतदार तरी असतील.

वाडीतल्या दादा, माझ्या बागेच्या वरच्या अंगाचा उतार तुमच्या वाडीच्याच दाव्यात आहे. तिथलंच गवत कापा. भाऱ्याला काय दर घ्याल?

सड्यावरची

बापू, रचून ठेवाल कुठे तेही बघा. बागेत उडवी रचलीत तर आग डोंगरावरून यायची गरजच नाही.

काजूवाला_बापू

पत्र्याच्या शेडमध्ये. तेवढी अक्कल जळल्यावर आली ताई.

वाडीतला_मी

काका, भाऱ्यावर नको. भाऱ्यावर ठरलं की माणूस सपाटीवरचं, सोपं गवत कापतो आणि बागेच्या डोक्यावरचा कडा तसाच राहतो. रोजावर ठरवा, पट्टा आपण दोघांनी फिरून आखू. फुटवे सांभाळून कापायचं तर वेळही जास्त लागतो, बायकांचा हात त्यात चांगला आहे, आणि त्यांनाही पुरुषांएवढाच रोज.

समितीत विषय घेतो. पण एक आत्ताच सांगतो, पैशाचं दिवाळीनंतर बघू म्हणालात तर जमणार नाही. थोडी उचल श्रावणातच द्यावी लागेल. भट्टीवाला गणपतीला येतो, त्याच्या आधी.

काजूवाला_बापू

किती घरांना?

वाडीतला_मी

सध्या आठ घरं थांबतील म्हणतात. रविवारी या, वर जाऊन बघू. सकाळी लवकर या, उन्हाचं चढवत नाही.